आठवं रीळ

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक तळटीप आहे:
प्रत उपलब्ध नाही.
त्या तीन शब्दांपायी
सहा महिने साखर पेठेत हिंडले.

चंद्रप्रभा टॉकीजचं आता मंगल कार्यालय झालंय.
पडदा होता तिथे नवरा-नवरीच्या खुर्च्या,
ऑपरेटरच्या खोलीत आचाऱ्याची पातेली.
भिंतीतली दोन चौकोनी भोकं मात्र कुणी बुजवली नाहीत.
बोट घातलं तर अजून काजळी लागते.

दस्तगीर नदाफ यांच्या मुलाने
चादरीत गुंडाळलेली वही काढून दिली.
अब्बा रोज लिहायचे, म्हणाला, नागा नाही.

*दुसरा खेळ. कार्बन संपत आला.
बाल्कनी अकरा, लेडीज भरून.
रीळ आठ आलं नाही. नऊ लावलं.
पब्लिक गप्प.*

गावात प्रत एक, टॉकिजा दोन.
एक पोरगा सायकलला डबे बांधून
बाळी वेशीपासून इथवर
धोट्यासारखा ये-जा करायचा.
त्या आठवड्यात चाक बसलं
का डबा विजापुरातच राहिला,
वहीत नाही.
सात दिवस रीळ आलं नाही
आणि सातही दिवस, त्याच शाईत,
पब्लिक गप्प.

या गप्पनं मला झोपू दिलं नाही.
खुर्च्या फाडणारं गाव
चार आणे मोजून गप्प बसेल?

अंबव्वा म्याकल, वय ऐंशीच्या पुढे,
मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू.
हात न थांबवता म्हणाली,
"गप्प कुठलं? मी सांगत होते की."

लेडीजमधल्या बायकांना हिंदी यायचं नाही.
हिला यायचं, निदान ही तसं म्हणायची.
तिचं तिकीट बाकीच्या काढायच्या,
ती मधल्या बाकावर बसून
पडद्यावरचं सगळं तेलुगूत सांगायची.
नायिका सासऱ्यापुढे वाकून
माफ कर दीजिए म्हणाली
की अंबव्वा सांगायची,
ना कूली इय्यी.
माझी मजुरी दे.

असं का, विचारलं.
"तोंड बघितलं तिचं.
माफी मागणाऱ्याचं नव्हतं ते."

आणि आठव्याला तर आडवा यायला पडदाच नाही.
सातव्यात ती दार ओढून घेते,
नवव्यात त्याच घरात चूल फुंकते.
मधे काय?
सोमवारी अंबव्वाने तिला गिरणीत लावलं.
मंगळवारी विड्यांच्या कारखान्यात.
चेकरने शंभर विड्या नापास केल्या
तेव्हा ती त्याच्या टेबलावर चढली.
शुक्रवारी तिला खोली घेऊन दिली,
कुलूप-किल्लीसकट.
पडद्यावर नववं पळत असायचं
आणि लेडीजमध्ये आठवंच चालू.
वर नदाफ,
तेलुगू कळत नसलेले,
भोकातून खाली बघून वही उघडायचे.

त्या सालच्या एका मासिकात परीक्षण सापडलं,
दोनच ओळी:
नायिका दुबळी. उत्तरार्ध ढिसाळ.
लिहिणाऱ्याने सगळी रिळं पाहिली होती.

माझे मार्गदर्शक म्हणाले,
ऐकीव गोष्टीला इतिहास म्हणत नाहीत.
मी मान डोलावली. त्यांची सही हवी होती.

मग गेल्या महिन्यात सेन्सॉरकडची संहिता मिळाली,
टंकलिखित, कडा वाळवीने खाल्लेल्या.
आठवं रीळ, पान एक्केचाळीस ते सेहेचाळीस:
एक सहल, एक गाणं,
नोकराचा घसरून पडण्याचा विनोद.
नायिका त्यात नाहीच.

झेरॉक्स पिशवीत घालून
तशीच दत्त नगरला गेले.
अंबव्वाने चहा मागवला, बशीत ओतला.
"सापडलं का ग आठवं?
काय होतं खरं?"

पिशवीचा बंद मी बोटाला गुंडाळत राहिले.
प्रत उपलब्ध नाही, म्हणाले.

तिने विडीला दोऱ्याचा वेढा दिला,
टोक नखाने आत दाबलं.
"मग घे लिहून,
शनिवारचं राहिलंय."