पट्टा

वडगावच्या शाळेत रविवारी अकराला बैठक.
माणसं एकेचाळीस, कुत्री दोन.
मी नकाशावाली, महापालिकेची.
फळ्याखाली पाठ भिंतीला लावून बसले.
कुत्र्यांची भीती वाटते हे साहेबांना सांगितलं नव्हतं.
सहावीत अनगोळच्या बोळात चावलं होतं एक,
बेंबीभोवती चौदा सुया.

विषय: यंत्रमागाच्या बंद शेडमागची जागा
कुत्र्यांना पट्टा काढून पळायला द्यावी काय.
साहेब म्हणाले, जागेचा पट्टा अजून महसूलकडंच आहे.
अर्ध्या सभेला वाटलं कुत्र्याचाच.

शट्टुप्पा बाळेकुंद्री उठला, निवृत्त हवालदार,
बावीस वर्षं फौजेच्या कुत्र्यांबरोबर.
बाकाखाली त्याची मुधोळ कुत्री, वीणा,
खुर्चीसारखी घडी घालून झोपलेली.
"दोन फाटकं पायजेत ओ.
पहिलं बंद झाल्याबिगर दुसरं उघडायचं नाही.
मधी उभारून पट्टा काढायचा.
सुटल्यावर कुत्रं अंग कसं झटकतंय, बघितलासा काय?
ओलं नसलं तरी झटकतंय."
सांगता सांगता त्याचेच खांदे हलले.

मग गिरिजव्वा.
कन्नडात सुरू झाली, मराठीत उतरली,
राग आला तशी परत चढली.
"तिथं आमी ताणा पाजतोय, सासूच्या वक्तापासनं.
दीडशे हात सूत, कांजी अजून ओली,
आन् त्यातनं तुमचं कुत्रं पळालं
तर लुगडं नेसूनच जाईल की घरला!"
शट्टुप्पा सगळ्यात जास्त हसला.
ठरलं: नऊपर्यंत सूत, चारनंतर कुत्री.
मधलं ऊन कुणाचंच नाही.

फिलोमिना टीचर कॅम्पातून रिक्षानं आल्या होत्या,
पिशवीत म्हातारा पामेरियन.
बारक्यांना वेगळा कोपरा द्या, म्हणाल्या,
वीणाकडे अजिबात न बघता.

मग फलक.
वर कुठली भाषा, खाली कुठली, अक्षर किती इंच.
पाऊण तास.
दोघं तावातावानं बाहेर गेले,
एकाच टपरीवर चहा पिऊन आत आले
आणि जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं.
दस्तगीर पेंटर म्हणाला, अक्षरच नको,
मी चित्र काढतो. एक हात, एक कडी, कडी उघडी.
हात कुणाचा, हेही कुणीतरी विचारलंच.
इतिवृत्तात मी लिहिलं:
फलकाबाबत चर्चा झाली.

शेवटच्या बाकावरून एक पोरगं,
बहुतेक गिरिजव्वाचाच नातू:
"ज्यांना पट्टाच नाही,
ती कुठल्या फाटकातनं येणार?"
पंखा फिरत होता.
शट्टुप्पा वीणाच्या कानामागं खाजवत राहिला.
साहेब म्हणाले, नोंद घ्या.
घेतली.

सोमवारी मोजायला गेले. शिपाई रजेवर.
तांबडी माती, तिच्यावर कांजीचे पांढरे डाग,
खुंट्यांच्या भोकांच्या दोन रांगा.
टेपचं टोक धरायला कोणी नाही.
दगड ठेवला, निसटलं. दुसरा ठेवला.
तेवढ्यात शेडच्या सावलीतून
एक पिवळं कुत्रं उठलं, कान फाटलेला.
माझ्या पोटावर चौदा ठिकाणी गार पडलं.
ते आलं. टोक हुंगलं.
आणि बसलं त्याच्यावरच.
मी "बस" म्हटलं असेन, किंवा "कुंद्रु",
किंवा नुसतीच ओरडले असेन.
तोंड त्याच्याकडे ठेवून,
टेप सोडत सोडत मागं सरत गेले
ते पाठ भिंतीला लागेपर्यंत.
एकसष्ट मीटर चाळीस.

आता नकाशा काढतेय.
दोन फाटकं, पाण्याची दोणी, बारक्यांचा कोपरा,
खुंट्यांच्या रांगा तशाच ठेवून.
नाल्याच्या बाजूला जाळी
जमिनीपासून हातभर वर धरलीय.
साहेबांनी विचारलं तर सांगेन,
पाणी जायला.