कडू घास

गंगाखेडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं :
ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरची चूल
तीन दिवस थंड.
शेजारी भाकरी आणतात, बिनफोडणीचं वरण आणतात,
म्हणतात, कडू घास हाय, तोंडात घाल.

शेजारही गेला असेल तर काय,
हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

लग्नसराईतली शेवटून दुसरी तीथ.
लोह्याकडून रात्री परतताना बँडचा टेम्पो
पुलाच्या कठड्यावरून खाली.
सात माणसं. सहा घरं.
गल्ली एकच, जिला गाव वाजंत्री गल्ली म्हणायचं
आणि आम्ही नुसतंच गल्ली.

पोलिसांनी सकाळी वाद्यं आणून
मारुतरावच्या ओट्यावर ओळीनं मांडली.
बाबांच्या पितळी भोंग्यात चिखल होता.
मी बोटानं काढत राहिले, संपेचना.
सोबत एक पिशवी :
वऱ्हाडानं लेकरांसाठी बांधून दिलेल्या बुंदीच्या पुड्या.
एकही फुटली नव्हती.

गंगेवर एकाच दिवशी सात वेळा चालत जाऊन आलो.
चौथ्या खेपेला आई म्हणाली, हे कुणाचं?
कुणीतरी नाव सांगितलं.
ती परत मोठ्यानं रडायला लागली,
पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी गाव आलं, नाही म्हणू नये.
महेबूब तांबोळ्याच्या घरून देगचीभर खिचडी.
पेठेतून चहापत्ती, साखर.
काही पातेली आतपर्यंत आली,
काही ओट्यापर्यंत,
काही कोपऱ्यावरच्या लिंबाखाली ठेवून
माणसं हाक मारून निघून गेली.
दुसऱ्या दिवशी रिकामी पातेली न्यायला आले, तेवढेच.
तिसऱ्या दिवशी बाजार होता.

त्या रात्री धुरपताबाई उठली.
तिचे दोघं गेले होते, नवरा आणि थोरला,
म्हणून तिच्याशी कसं बोलावं
हे कुणालाच कळत नव्हतं.
ती पिठाचं डबडं काखेत घेऊन
आमच्या घरात शिरली, चुलीपुढं बसली.
आईला म्हणाली,
तुझी चूल तू नको पेटवू. मी पेटविते.
जा, माझी तू पेटव.

म्हातारी चांगुणा दारातून ओरडली,
सुतकात सुतक चालतं का व माय?
धुरपताबाईनं गोवरी मोडली.
सुतकाला सुतक काय बाटवणार, आत्या.
तुम्ही तिकडं सोनाबाईच्या घरी जा,
तिचं नान्हं उपाशी हाय.

आई गेली. सोनाबाई चांगुणाच्या घरी गेली.
अशा करत करत सगळ्या निघाल्या.
थोड्या वेळानं गल्लीत सहाच्या सहा चुली जळत होत्या
आणि एकही बाई आपल्या घरात नव्हती.
आई परक्या चुलीपुढं रडायली होती,
काडेपेटी कुठं ठेवतात ते तिला सापडत नव्हतं.
शेजारून कुणीतरी सांगितलं, कोनाड्यात बघ.

भाकऱ्या थापल्याचा आवाज सगळीकडून येत होता.
तेव्हा मला तो ताशासारखा वाटला,
आणि पुढं कितीतरी वर्षं मी तसंच सांगत आले.
आता नाही सांगत.
भाकरीचा आवाज भाकरीचाच असतो.

मग धुरपताबाईनं पुड्या सोडल्या.
बुंदी थोडी आंबली होती.
प्रत्येक लेकराच्या भाकरीवर एक एक मूठ ठेवत गेली.
माझ्यापाशी आली तेव्हा म्हणाली,
गोड हाय.
कडू समजून खा.

नंतरचं सगळं तुम्हाला माहीत असतं तसंच.
चेक आले, त्यावरून भांडणं झाली.
सोनाबाई लेकरं घेऊन माहेरी पूर्णेला गेली, पुढं आलीच नाही.
भोंगा नांदेडच्या कारागिरानं ठोकून दिला,
तो अजून थोडा उतरलेलाच वाजतो.
माझा भाऊ म्हणतो, राहू दे.

धुरपताबाईचं डबडं आमच्याकडंच राहिलं.
आईनं परत केलं नाही, तिनं मागितलं नाही.
तिच्या घरात आमची पळी आहे.
मागच्या दिवाळीला बघितली,
दांडा बदललाय.