आयुष्यभराचं तेल

डिकीवरच्या नावातलं पहिलं अक्षर कधीचं गळालंय,
उरलंय ‘ओमप्रेसर’.
इलियासभाई म्हणतात, राहू द्या बेन, देवाचं नाव आहे.

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, लेथवाल्याच्या शेजारी,
उभी आहे बावीस वर्षांची, चंदेरी, दोनच माणसांची गाडी.
तिसऱ्याला जागा नाही, हे माझ्या जावेला
पेढा तोंडात असतानाच कळलं.

पेरीनने किल्ली दिली. म्हणाली, पप्पा फक्त रविवारी काढायचे.
सर्व्हिस बुकात दिनशा पाघडीवालांचं तिरकं, बारीक अक्षर:
तारीख, किलोमीटर, कुठला फिल्टर,
आणि एकदा नुसतंच, ‘आज बरी वाटली.’
मग सहा वर्षं कोरी.
कोरी पानं काय खातात ते आता मी बिलांवर वाचते.
रबराची एक नळी चिमटीत धरली तर पापडासारखी मोडली.
पट्टा भेगाळलेला. ताणपुली लंगडी.
छपराच्या पंपातून थेंब पडतो, नेमका माझ्या डाव्या खांद्यावर.
पीएफ साठायला एकोणतीस वर्षं लागली होती.
जायला इतकी लागणार नाहीत.

पण बॉनेट उघडलं आणि ओळखीचं माणूस भेटलं.
कारखान्यात मी ब्लोअरची कंपनं मोजायची;
तिथे ते हत्तीएवढे, पत्र्याच्या घरात बांधलेले.
इथे तोच, पावाच्या लादीएवढा,
इंजिनाच्या कुशीला.
आत दोन रोटर, एकमेकांच्या खाचांतून फिरणारे
आणि कधीच न शिवणारे.
मधे केसाएवढी फट.
शिवले, की संपलं.

पुस्तकात लिहिलंय: याचं तेल आयुष्यभरासाठी भरलेलं आहे.
कोणाच्या, ते छापलेलं नाही.
फरदीनने बूच काढलं, औषधाच्या पिचकारीने ओढलं,
अर्धी वाटीसुद्धा नाही.
काळं. बंद दवाखान्यासारखा वास.
बोटावर घेऊन मी दारातल्या उन्हात धरलं,
बोट फिरवलं इकडे, तिकडे.
‘चांदी नाही,’ म्हणाले. ‘धातू झिजलेला नाही.’
इलियासभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला
आणि दुसरा माझ्यासाठी मागवला.

नवं तेल भरून चालू केली.
तीन हजारांवर गेली तसा पोरगा नाचायला लागला,
बेन, सीटी! संभळाय छे?

नाही.
कानात बोळे घातले की बेअरिंग कळायचं नाही,
म्हणून मी ते खिशात ठेवायची, एकोणतीस वर्षं.
कंपनीच्या डॉक्टरने आलेख दाखवला होता,
रेघ सरळ चालत येते आणि चार हजारांपाशी
विहिरीत पडते.
ज्या आवाजासाठी लोक ही गाडी घेतात
तो त्या विहिरीत आहे.

मग लांब स्क्रूड्रायव्हर मागितला.
टोक ब्लोअरच्या पोटावर, मूठ दातांत.
लेथवाला मशीन थांबवून बघायला आला.
आधी इंजिनाचा ढोबळ धडधडाट. मग पट्टा.
मग त्यांच्या मागे,
हिरडीतून गालाच्या हाडात,
काम करता करता कुणी नाकात गुणगुणावं तसं काहीतरी.
एकसंध. खरखर नाही.
थुंकले, कारण मुठीला ग्रीस होतं.

रात्री पुस्तकातल्या पहिल्या कोऱ्या ओळीवर लिहिलं,
ब्लोअरचं तेल बदललं.
‘बरी वाटली’ लिहिणार होते. थांबले.
अजून आमची तेवढी ओळख नाही.

सकाळी विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी,
खाली गाळात मगर उन्हाला पडलेली.
दूधवाला, शाळेची दोन पोरं, स्कूटरवरची बाई,
सगळे कठड्यावर ओणवे.
मी दुसरा गिअर टाकला, पाय जरा दाबला,
आणि सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली.
म्हणजे वाजली.
मगर तेवढी हलली नाही.