नग दोन

मुश्ताक हमदुले सांगायचा, नाव त्याच्या खालानं दिलं.
गुदैबियाच्या गच्चीवर दोघं पहिल्यांदा वाजवत होती,
तो कीबोर्डवर, ती तोंडानंच ढब-ढब-टिश,
आणि खाला वाळत घातलेल्या बांगड्यांवरून मांजर हाकलताना म्हणाली,
काय एकेक नग जमलेत इथं.

प्रिस्किला वाघचौरेचं म्हणणं निराळं.
ती सरकारी इस्पितळात, रात्रपाळीला.
ऑपरेशन संपलं की बोळे मोजतात,
आत गेले तेवढे बाहेर यायला हवेत.
मोठ्यानं इंग्रजीत,
आणि मनात नगरकडच्या मराठीत: नग दोन, बरोबर.
रेडिओवरच्या गोऱ्या निवेदकाला तिनं हेच सांगितलं.
नॅग डॉन, तो म्हणाला, वा, किती गूढ.

दोघंही खोटं बोलत नव्हती.
पण मी कार्गोच्या कचेरीत कारकून होतो.
सिंगापूरहून खोकी आली तेव्हा सही माझी होती.
एकात कीबोर्ड, एकात ताल धरणारं यंत्र,
वहिनींच्या मिसळणाच्या डब्याएवढं.
गोदामातले हमाल सगळे गुहागर-दापोलीचे,
म्हणून खोक्यांवर मी मराठीतच लिहायचो.
निळा मार्कर, मोठं अक्षर.
नग दोन.

कॅसेटच्या वेष्टनासाठी फोटो काढायचा होता,
भिंत कुठलीच धड नव्हती, म्हणून खोकं मागे उभं केलं.
दोघांच्या डोक्यांच्या मधोमध माझं अक्षर आलं.
छापखान्यातल्या थॉमसकुट्टीला मराठी येत नव्हतं,
त्याला वाटलं, हेच नाव.
त्यानं तेवढंच मोठं करून छापलं.
दोनशे प्रती. परत कोण देणार.

मग सात महिने.
मुश्ताक एसी कंपनीच्या निळ्या डांगरीतच वाजवायचा,
लोकांना वाटायचं काय झकास पोशाख आहे.
तो सरळ कामावरून आलेला असायचा,
बाहीला गॅसचा वास.
ती पापण्यांना चांदीचा रंग लावायची
आणि ड्युटीआधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची,
तरी एका रात्री एका पेशंटनं विचारलं,
सिस्टर, तुमच्या डोळ्यांत चमकतंय काय?

गाणी चार. एक गळणाऱ्या एसीवर.
एक घरातल्या दोन नळांवर, खाऱ्या आणि गोड्या.
उरलेली दोन कशावर ते मला तेव्हाही कळलं नाही,
आणि समोर बसून विचारायचं धाडस नव्हतं.
हॉटेलात तीन गुरुवार झाले.
तिसऱ्याला श्रोते अकरा, त्यात मी, वायरी गुंडाळायला थांबलेला.
लोक म्हणत, त्या दोघांचं काहीतरी आहे.
असेलही.
मी वायरी नीट गुंडाळायचो, आठाच्या आकड्यात,
म्हणजे पीळ पडत नाही.

मग तेलाचा भाव पडला.
मुश्ताकचा व्हिसा कंपनीनं वाढवला नाही.
तिला कॅलगरीचं पत्र आलं.
भांडण नाही, रडणं नाही,
शेवटच्या रात्री गच्चीवर खालानं तिखट सार केलं
आणि सगळ्यांचं नाक त्यानंच वाहत होतं म्हणे.

ताल धरणारं यंत्र ती घेऊन गेली.
कीबोर्ड मीच बांधला, हर्णैला पाठवायला.
मार्कर तोच होता, सुकत आलेला.
लिहिलं: नग एक.
जरा वेळ तसाच उभा राहिलो, कचेरी बंद व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी कस्टममधून कागद परत आला.
अडॅप्टर वेगळा मोजावा लागतो, नियम आहे,
आकडा दुरुस्त करून पाठवा.

खोडलं मी.
नवीन मार्कर उघडून शेजारी लिहिलं.
एकशे चाळीस कॅसेटी अजून माझ्याकडे आहेत,
त्या कशात मोजायच्या,
हे मला कोणी विचारलेलं नाही.