कितीला पडली

द्वारकेच्या पुलापासून थोडं पुढे, पंक्चरवाल्याला लागून
माझं पत्र्याचं शेड. अकरा गाड्या, एक कुत्री,
आणि रंग उडालेला बोर्ड: विश्वास मोटर्स.
विश्वास हे माझं नाव. त्यात दुसरं काही वाचू नका.

वडील घोटीच्या बाजारात बैलांचे हेडी.
उपरण्याखाली दोन माणसांचे हात भेटायचे,
बोट दाबलं की हजार, पेर दाबलं की शंभर,
आणि वर तोंडं सोयरिकीच्या गप्पा मारत.
मी एकदा विचारलं, झाकायचं कशाला?
म्हणाले, भाव उघडा पडला की माणूस उघडा पडतो.

खैरनारबाई मंगळवारी आल्या.
सातपूरच्या तीन कंपन्यांत डबे देतात, आजवर रिक्षाने.
व्हॅनचं दार सरकवलं, लावलं, परत सरकवलं,
मॅट उचलून पत्रा गंजलाय का ते चमच्याने खरवडून पाहिलं.
चमचा पर्समधूनच निघाला.
मी म्हटलं, एक पंच्याहत्तर.
त्या म्हणाल्या, तुम्हाला कितीला पडली?

हे सगळेच विचारतात, माझी उत्तरं तयार असतात.
ताई, पदरचे घालून देतोय. ताई, आईची शपथ.
आई जाऊन नऊ वर्षं झाली,
तिची शपथ अजून चालू आहे.

बाई स्टुलावर बसल्या, चमचा पुसत.
नफा घ्या की, म्हणाल्या.
मीही डब्यामागे अकरा रुपये घेते.
पण कुणी विचारलं तर सांगते.

मग मी वही काढली. का काढली ते मलाही नीट सांगता येणार नाही.
खरेदी एक दहा.
क्लच प्लेट, दोन टायर, रंग, मिळून सतरा.
शेडचं भाडं, सनीचा पगार, दोन महिने उभी होती ते.
त्या एक तीसवरून चढल्या, मी उतरलो,
एक बेचाळीसला थांबलो.
चहा आला. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता प्यायलो,
डॉक्टरकडून बाहेर आलेल्या माणसांसारखे.

एक दहा? त्या मध्येच म्हणाल्या.
चालती गाडी इतकी स्वस्त कुणी दिली?

पिंगळे. इंदिरानगरची शाळेची मुलं न्यायचे.
बायको दवाखान्यात, संध्याकाळच्या आत रोख हवी होती.
बाजारात एक पस्तीस सहज आले असते,
मला माहीत होतं, त्यांनाही.
मी एक दहा म्हटलं आणि गप्प बसलो.
माझ्या धंद्यात गप्प बसण्याचे पैसे मिळतात.
त्या दिवशी पंचवीस हजार मिळाले.
वहीत त्याचा रकाना नाही.

यातलं काही बोललो नाही.
घाई होती त्यांना, एवढंच म्हटलं.

बाईंनी नोटांना रबर परत लावलं.
म्हणजे मला परवडली ती त्यांच्या घाईत.
मी म्हटलं, ताई, असा विचार केला
तर नाशकात एक गाडी रस्त्यावर यायची नाही.
येईल हो, त्या म्हणाल्या. नंबर द्या त्यांचा.
दुसऱ्या गिअरला अडते ती.
खोड जुन्या मालकालाच ठाऊक असते.

खोडीसाठीच मागितला असेल. नसेलही.
दहा आकडे. त्यांच्या डब्याच्या कार्डामागे लिहिले,
टेबलावर, उन्हात, वर काही न पांघरता.
आठव्या आकड्यावर पेन थांबलं. सनी बघत होता.

मग रबर सुटलं, सह्या झाल्या, कुत्री उठून बाजूला झाली.
व्हॅन वळली तेव्हा तिरप्या उन्हात
मागच्या दारावर, नव्या पांढऱ्या रंगाखालून
शाळेच्या नावाची पिवळी अक्षरं वर आली.
ती घासून काढायला सांगितलं होतं मी.
पेंटरने त्याचे वेगळे पैसेही घेतले होते.