कौलाच्या खणीत

खानापुरात भट्टीच्या मागं, कौलांची माती काढायचे
त्या खणीला आता पायऱ्या आल्यात.
तळाशी गोल चौथरा, चार खांबांवर दिवे
(वायरिंग माझं),
आणि गेटवर पोत्यानं झाकलेली पाटी,
कारण वरची ओळ कुठल्या भाषेत
ते आदल्या रात्रीपर्यंत ठरलं नव्हतं.
पोतं काढलं तेव्हा वरच्या ओळीत
नुसता एक बाण होता.

भरमाण्णा म्हणाला, म्हशी कुठं लोळायच्या आता?
कुणी उत्तर दिलं नाही,
तेव्हा त्यानं म्हशीलाच विचारलं,
सांग की गं, गाणं पाहिजे का चिखल?

रेमाणी मास्तर पाच वर्षं अर्ज करालेत
वाचनालयाच्या गळक्या छपरासाठी.
ते उद्घाटनाला इस्त्रीचा सदरा घालून आले,
सगळ्या पायऱ्या मोजल्या, वर आभाळाकडं बघितलं.
"छपराला पैसे न्हाईत म्हटलासा,
म्हणून हे बिनछपराचं बांधलासा व्हय?"

दस्तगीरनं भज्यांचा गाडा
तीन दिवस आधीच आणून लावला.
मत विचारलं तर म्हणाला,
तेल तापू दे.

संध्याकाळी बेळगावचा एक पोरगा माईकपाशी आला
आणि मोजू लागला:
ओंदू, एरडू, मूरू.
पायरीवरनं कोण तरी ओरडलं, एक दोन म्हण की रे!
त्यानं मान हलवली. एक, दोन, तीन.
लगेच पलीकडनं: नाल्कू!
इकडनं: पाच!
असं सतरापर्यंत गेलं,
पोरगा नुसता माईक धरून उभा.
अठराला लाईट गेली.
माझ्यामुळं गेली म्हणतात. ते खोटं आहे.

मग गाणाऱ्या बाई अंधारातच बसल्या,
तंबोरा जवळ ओढला,
आणि बिनमाईकचा पहिला सूर
वरच्या पायरीवर मला लागला
जसा कुणी कानाशी येऊन बोलावं.
लोक म्हणाले, काय इंजिनिअर हो, काय बांधलंय!

माझी आई शेजारी बसली होती.
सोळा वर्षं तिनं इथनं डोक्यावर माती नेली.
ती म्हणाली, इंजिनिअर कसला,
हे पहिल्यापास्नं असंच आहे.
खाली आम्ही कुजबुजलो तरी
वर खुर्चीतल्या मुकादमाला ऐकू जायचं.
म्हणून आम्ही बोलतच नव्हतो.

लाईट साडेनवाला आली.
माणसं पांगली, द्रोण उडाले,
मी वायर गुंडाळालो होतो
तर आई पायऱ्या उतरून खाली चाललेली,
गुडघ्यावर हात देत, एकेक.
चौथऱ्यावर गेली. पदर सारखा केला.
मुकादम मरून वीस वर्षं झाली असतील,
त्याचं नाव घेतलं
आणि हळूच एक शिवी दिली.

कानडी का मराठी, सांगणार नाही.
वर मला लख्ख ऐकू आली.
गाडा धुता धुता दस्तगीरपण थांबला,
म्हणाला, मावशी,
पुन्हा एकदा.