थाल्मरचा शेवटचा टेक

तीनदा मारला होता आम्ही त्याला.
पहिल्यांदा सूर्यात ढकलून
(सूर्य म्हणजे गॅसची शेगडी आणि उलटी फिरवलेली टेप).
दुसऱ्यांदा अ‍ॅसिडच्या तळ्यात :
लोणच्याची बरणी, खायचा सोडा, अर्धं लिंबू.
तिसऱ्यांदा त्याच्या मणक्यासाठी
सेलरीची अख्खी जुडी मोडली मी माइकसमोर
आणि आठवडाभर तिचंच सूप प्यायले.

मेला, मेला म्हणावं
तर मेला पुढच्या सीझनला परत हजर.

दोष माझाच.
प्रत्येक मरणाच्या शेवटी
मी एक श्वास शिल्लक ठेवायचे,
दाराला चप्पल अडकवून ठेवावी तसा.
ऐकणाऱ्यांना वाटायचं, केवढं हे रहस्य.
खरं तर ग्विलिमचं घरभाडं थकलेलं असायचं.

या वेळी तोच म्हणाला,
नेरिस, फट ठेवू नकोस.
एकोणऐंशी वर्षांचा.
स्वान्झीतल्या या जुन्या चॅपेलच्या बावीस पायऱ्या,
अकराव्या पायरीवर तो थांबतो
आणि खिडकीतून समुद्र बघतोय असं दाखवतो.
त्या खिडकीतून फक्त टायरचं दुकान दिसतं.

ओलुची लीड्सहून आली, गाडी बदलत बदलत.
अकरा वर्षं ती त्याच्याशी लढली
आपल्या कपाटात बसून,
कोटांच्या आणि रजयांच्या गर्दीत, एकटी.
आकाशगंगा ओलांडून शाप दिले दोघांनी एकमेकांना,
समोरासमोर कधी आलेच नव्हते.
तिने त्याच्यासाठी खोकल्याच्या गोळ्या आणल्या होत्या.
तो म्हणाला, कॅप्टन, तू एवढी बुटकी असशील असं वाटलं नव्हतं.

छपरावर सीगल भांडत होते.
त्यांचं मिटेपर्यंत विश्व थांबलं.

मग मी ती कळ बंद केली,
तेवीस वर्षं त्याच्या आवाजाला
लोखंडाची विहीर देणारी कळ.
उरला नुसता माणूस :
किंचित सैल कवळी,
'स'वर एक बारीकशी शीळ,
मधाच्या पाण्याचा घोट.

संहितेत दीड पान होतं त्याला.
जळतील तारे, मी पुन्हा येईन, वगैरे.
त्याने कागद उलटा ठेवला, आवाज न करता.
(ते कसब त्याच्याकडूनच शिकतात इथे सगळे.)
समोर दोन हातांवर बसलेल्या मुलीकडे बघितलं.
इतक्या जवळ कुणी असलं
की ओरडायचं कुणासाठी?
म्हणाला,
'दमलो गं.
तू कर आता पुढचं.'

ओलुची वाक्य विसरली.
नऊ सेकंद.
रेडिओत नऊ सेकंद म्हणजे
कुणीतरी खुर्ची सोडून पळालंय.
मी काचेमागे बोट उचललं होतं, ते तसंच राहिलं.
शेवटी तिने लिहिलेलं काहीच म्हटलं नाही,
नुसतं 'हो' म्हणाली,
आणि तेही जरा घशात अडकलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. केक होता, कोरडा.
ग्विलिमने त्याचा तुकडा रुमालात बांधून घेतला.

सगळे उतरल्यावर मी रिकाम्या खोलीची
एक मिनिट शांतता रेकॉर्ड केली. नेहमी करतेच.
जोड दिसू नयेत म्हणून प्रसंगाखाली अंथरायला लागते ती.
प्रत्येक खोलीची वेगळी असते;
इथली ओलसर लाकडाची,
कडेला जराशी हीटरची.
एक्केचाळिसाव्या सेकंदाला त्याची खुर्ची करकरली.
माणूस उठून गेल्यावर
लाकूड आपली पाठ सरळ करतं, तेवढंच.
कापायला हवं.

खाली कुणीतरी विचारत होतं,
चार नंबरची बस गेली का?
त्याच विहिरीतून आल्यासारखा आवाज.
किंवा मीच अजून
हेडफोन काढले नव्हते.

फाइल सोमवारी द्यायची आहे.